खिडकीखालची भिंत

चैत्र सरत येतो, शेवटचं गुऱ्हाळ विझतं, कृष्णेकडून येणारा दुपारचा वारा तोंड भाजू लागतो, आणि माझा हात भिंतीवर जातो. मी मुद्दाम नेत नाही. कचेरीतून घरी यावं, टोपी खुंटीला अडकवावी आणि पाणी पिण्याच्याही आधी कडेकडेनं चालत बोटांच्या पेरांनी भिंत वाजवून पाहावी, असं दर उन्हाळ्यात होतं. थंडीत होत नाही, पावसाळ्यात होत नाही. उन्हं तापली की मात्र पाय एका जागी ठरत नाहीत. माझी बायको सुभद्रा चुलीपुढून म्हणते, "झाली का वैदूबाबाची फेरी? लागतीया का नाडी भिंतीची?"

मी वाजवत पुढं सरकतो. भिंत सगळीकडं सारखी वाजते, टणक आणि कोरडी. फक्त बाहेरून पूर्वेच्या खोलीच्या खिडकीपाशी आलो की मी हात काढून घेतो, खिडकी ओलांडतो आणि पलीकडं पुन्हा वाजवू लागतो. खिडकीखालचा तेवढा तुकडा मी कुणादेखत वाजवत नाही.

आमचं गाव इस्लामपूरच्या पुढं, नदीकाठचं. जुनं घर खालच्या आळीत होतं, दगडमातीचं. मोठा पूर आला की पाणी उंबऱ्याशी येऊन बसायचं आणि उतरताना भिंतीची माती घेऊन जायचं. तळाचे दगड उघडे पडायचे. आम्ही ते लिंपायचो. पुन्हा पूर यायचा. माझं निम्मं आयुष्य त्या भिंतींना माती लावण्यात गेलं, असं मी बोलून जातो. निम्मं म्हणणं जास्त होईल, पण दिवाळीआधीचे सगळे रिकामे दिवस त्यात गेले, एवढं बरोबर आहे.

मग लढाई संपली आणि माझा धाकटा भाऊ संपत पलटणीतून सुटून घरी आला. तो बांधकामाच्या पलटणीत होता. पूल, रस्ते, कोठारं, सगळं करून आला होता. पहिल्याच दिवशी जेवताना त्यानं जुन्या भिंतीकडं पाहिलं आणि म्हणाला, "दादा, आता भित बांधायचीच न्हाई. वतायची."

"ओतायची म्हणजे?"

"दोनी अंगाला फळ्या, मधी काँक्रीट. फळ्या काढल्या की भित हुबी. दगड न्हाई, माती न्हाई. नदी आली तर तिनं पाय धुवावं आन् जावं."

गावात हसणारे पुष्कळ निघाले. पारावर एकानं विचारलं, "संपतराव, घर बांधताय का तोफ ठेवाया जागा?" संपत म्हणाला, "तोफंचं काय घिऊन बसलास गड्या, वैनीच्या कालवणापुढं टिकंल अशी भित पायजे." ते सुभद्रेच्या कानावर गेलं. दोन्ही वेळच्या जेवणात संपतच्या ताटात करपलेलीच भाकरी पडली आणि त्यानं ती गुमान खाल्ली.

मला काँक्रीट पटलं ते आकड्यांमुळं. एक भाग सिमेंट, तीन भाग वाळू, सहा भाग खडी. घमेलं सपाट भरायचं, शीग ठेवायची नाही. मी सरकारच्या मोजणी खात्यात काम करतो. शेताच्या हद्दी साखळीनं मोजायच्या, बांध कुणाचा ते ठरवायचं. माणसाच्या बोलण्यापेक्षा मापावर माझा भरवसा जास्त आहे, आणि हा पदार्थ सगळा मापावरच चालणारा होता. सिमेंट तेव्हा परमिटवर मिळायचं. त्यासाठी साताऱ्याला खेटे घालण्यात थंडी गेली. वरच्या आळीत मुरमाच्या जागेवर पाया भरून झाला तेव्हा उन्हं चढू लागली होती.

काँक्रीटची एक अडचण मला तोवर कुणी सांगितली नव्हती. दगडमातीच्या भिंतीत विचार मागाहून करता येतो. खुंटी हवी, ठोका. कोनाडा हवा, कोरा. चूक झाली, लिंपा. ओतलेल्या भिंतीत खिळासुद्धा शिरत नाही. जे काही हवं, ते फळ्या बांधतानाच सांगावं लागतं. तेवढ्या जागी संपत फळ्यांच्या आत लाकडी ठोकळा बसवायचा. काँक्रीट ओतून, मुरून झालं की ठोकळा काढायचा आणि मागं कोनाडा राहायचा.

त्यामुळं एका सकाळी घरातली सगळी बायकामाणसं नसलेल्या घरातून हिंडत होती. जमिनीवर फक्कीच्या रेघा आणि वर उघडं आभाळ. सुभद्रा हवेत हात वर करून म्हणत होती, "हितं पळी. हितं परात. न्हाई न्हाई, जरा खाली, माजा हात पुरला पायजे." संपतची बायको तारा तिच्या खोलीच्या रेघांच्या आत उभी राहिली. आरशासाठी देवळी कुठं, असं संपतनं विचारल्यावर तिनं लाजत स्वतःच्या नाकासमोर बोट धरलं. संपत म्हणाला, "आगं, अजून वाढायची हायस का? न्हाई तर मागनं म्हणशील, नुसती हनुवटी दिसतीया." मी फळ्यांना ओळंबा लावत होतो. मला ती सकाळ अजून तशीच्या तशी दिसते. ओल्या वाळूचा वास, तारेचा करकर आवाज आणि हवेत खुंट्या शोधणारे हात.

आई वाळूच्या ढिगावर बसली होती. सगळ्यांचं सांगून झाल्यावर ती म्हणाली, "खुट्या झाल्या, देवळ्या झाल्या. दुसरं दार कुठं सोडलंय रं?"

सुभद्रेचा हवेतला हात खाली आला.

घराला पुढचं दार होतं, मागं परसात उघडणारं दार होतं. आई ज्या दाराबद्दल विचारत होती ते यातलं नव्हे, हे आम्हा सगळ्यांना कळलं. आमच्या भागात भाऊ वेगळे झाले की कागद मागाहून होतात, शेतात साखळीही मागाहून पडते. पहिलं काय होत असेल तर धाकट्याच्या अंगानं भिंत फोडून नवं दार पडतं. मी मोजणीला कुठल्याही गावात गेलो की आधी घराकडं पाहतो. एका चौकटीभोवतीचा गिलावा निराळ्या रंगाचा दिसला की मी ओळखतो, साखळी कशासाठी मागवली आहे. माझे वडील आणि चुलते वेगळे झाले तेव्हा चुलत्यांनी असंच दार फोडलं. ते पलीकडं पहार मारत होते आणि आमच्या बाजूच्या कोनाड्यातला दिवा घावागणिक सरकत सरकत पुढं येऊन खाली पडला. आईनं तो किती तरी वेळ उचललाच नाही. ती भिंत पुढं कायमची तडकलेली राहिली. तिनं विचारलं ते वाईट मनानं नव्हतं. ओतलेली भिंत मागाहून फोडता येत नाही, हे तिला आमच्याइतकंच कळलं होतं.

मी म्हणालो, "दुसरं दार नाही. एकच."

संपत पकडीनं तार पिळत होता. त्यानं तार शेवटपर्यंत पिळली, वरचं टोक तोडलं आणि दुसरी घेतली. तेवढंच झालं. पण गवताचं कुसळ धोतरात अडकावं तशी ती गप्प बसलेली घटका माझ्या अंगाला टोचत राहिली.

त्याच सुमारास कचेरीनं मला आटपाडीकडं मोजणीला धाडलं. काम सुरू होताना मी घरी नाही, याची तगमग घेऊनच गेलो. तिकडं उन्हानं साखळीला हात लावता येत नव्हता. दोन भावांचा बांध होता आणि बांधाच्या वाटेत एक बोरीचं झाड.

थोरला म्हणाला, "सायेब, बोरीच्या बुडातनं वडा रेघ."

"बोर कुणाची?"

"निम्मी निम्मी."

धाकटा लांब बसला होता. तो तिथूनच म्हणाला, "बोरं निम्मी करा, चालंल. काटं कसं वाटनार, त्ये इचारा त्यास्नी."

थोरल्याला हसू फुटलं. त्यानं ते मिशीत दाबलं. धाकट्यानं ते पाहिलं आणि मान फिरवली. मी रेघ काढली, दगड रोवले, दोघांच्या सह्या आंगठे घेतले. कामात चूक नव्हती. परत येताना सगळा रस्ता मी त्या दाबलेल्या हसण्याचा विचार करत होतो. मोजणी मागवण्याच्या आदल्या दिवशी ते एकत्र हसले असते, तर मला कदाचित यावंच लागलं नसतं.

मी आलो तेव्हा भिंती खिडक्यांच्या वरपर्यंत चढल्या होत्या. फळ्या निघाल्या होत्या. राखी रंगाच्या, फळ्यांच्या लाकडाच्या रेषा अंगावर उमटलेल्या त्या भिंती पाहून माझा ऊर भरून आला, हे मी मान्य करतो. आता त्यांना पाणी पाजायचं होतं. काँक्रीट वाळून घट्ट होतं असा लोकांचा समज असतो. ते खरं ओलं राहून घट्ट होतं. आणि आमच्याकडं वैशाखात कुठलीच वस्तू ओली राहत नाही. भिंतीवर गोणपाट गुंडाळायचं म्हटलं तर गोणपाटाचीही टंचाई. शेवटी आमच्या रानात माणदेशातला बिरा धनगर मेंढरं बसवून होता, त्यानं वाट काढली. त्याच्या तळावरची जुनी, फाटकी घोंगडी त्यानं आणून टाकली. लोकर पाणी धरून ठेवते. तो म्हणाला, "आवं, आमी पावसात ह्येच पांघरतो. आतलं मानूस कोरडं ऱ्हातं आन् घोंगडं दिसभर वलं. तुमच्या भितीला काय, माजंच नशीब पांघरा."

मग सारा गाव घोंगडी पांघरलेलं घर पाहायला आला. "भितीला हिव भरलंय व्हय?" "काढा पाजा की मास्तर!" मी मास्तर नाही, पण कागद-पेन्सिल बाळगणाऱ्या सगळ्यांनाच आमच्याकडं मास्तर म्हणतात. ओल्या लोकरीचा मेंढराचा वास घरभर इतका भरला की पुढं वास्तुशांतीच्या दिवशीसुद्धा उदबत्त्यांना तो हटला नाही. दुपारी गांधीलमाश्या पाणी प्यायला घोंगड्यांवर बसायच्या. शेजारच्या बायका धान्य निवडायला सावलीच्या अंगाला येऊन टेकायच्या, कारण गावात तेवढीच एक जागा गार होती. आणि मी घागरीमागून घागर ओतत भिंतीभोवती फिरत असायचो. करण्यासारखं दुसरं काही नव्हतं. मुरण्याचं काम भिंतीचं. तिला घाई करता येत नाही, मदतही करता येत नाही. नुसतं पाणी मारायचं आणि वाट पाहायची. असं निव्वळ वाट पाहणं मला जमत नाही. मी दुखणाईताच्या उशाशी बसल्यासारखा सारखा घोंगडं उचलून आत बघायचो.

म्हणूनच मला ते दिसलं. ओलं काँक्रीट काळपट दिसतं आणि सावकाश पांढरं होतं. पूर्वेच्या, म्हणजे संपतच्या खोलीच्या खिडकीखालचा तुकडा मात्र पाणी गटागट पिऊन लगेच पांढरा पडायचा. त्याच्या कडा सरळ होत्या. रुंदी बरोबर खिडकीएवढी. उंची खिडकीच्या तळापासून जोत्यापर्यंत. मी तो पेरांनी वाजवला. आवाज बद्द आला. आत काँक्रीट नव्हतं. विटा होत्या, मातीत लावलेल्या, आणि वरून सिमेंटचा पातळ हात. म्हणजे खिडकीखालच्या विटा काढल्या की उरतं ते दार. दाराच्या उंचीवर काँक्रीटची तुळई वर तयारच होती.

मी घोंगडं होतं तसं सोडलं आणि पुढच्या भिंतीला पाणी मारू लागलो. संपत समोरच खोरं धूत होता. त्यानं माझ्याकडं पाहिलं की नाही, मला ठाऊक नाही.

मी त्याला विचारलं नाही. विचारून काय ऐकायला मिळेल, ते मला ठाऊक आहे असं वाटत होतं. आजवर इतक्या भावांमध्ये मी साखळी ओढली होती. पलटणीतून आलेला, जग पाहिलेला माणूस. त्याला वेगळं व्हायचं असेल तर नवल नाही. त्यानं निदान भिंत तडकणार नाही अशी सोय केली, यातही त्याचा शहाणपणाच होता. असं मी मनाशी म्हणायचो आणि माझं समाधान व्हायचं नाही.

त्यानंतर आमच्या घरात आवाज चढला की मी खिडकीकडं पाहायचो. सुभद्रा आणि तारा यांचं लोण्यावरून वाजलं, मी खिडकीकडं पाहिलं. संपत मुंबईच्या गिरणीत जायचं बोलू लागला, मी खिडकीकडं पाहिलं. तो गेला नाही. एका पावसाळ्यात मोठा पूर आला आणि वरच्या आळीलाही पाणी लागलं. खालची घरं विरघळली, आमच्या घरात माणसं आसऱ्याला आली, जो तो काँक्रीटची तारीफ करत होता. मी बाहेर पोटरीभर गढूळ पाण्यात उभा राहून तेवढ्याच तुकड्यावर तळहात टेकून होतो. आतली माती भिजली तर तो ढासळेल आणि सगळ्यांना दिसेल, ही एकच धास्ती. तो ढासळला नाही. पाणी उतरल्यावर त्याच्या कडेला केसाएवढी भेग दिसली. मी ती चुना लावून बुजवली. कुणाला सांगितलं नाही.

यंदाही उन्हं तापली, आणि माझी फेरी सुरू झाली. एके दिवशी घरी येतो तो लिंबाखाली नवी कोरी चौकट टेकवलेली. सुताराच्या हातची, रंधा मारलेली. मी तिला टेप लावला नाही. डोळ्यांना माप कळतं. रुंदी खिडकीएवढी.

त्या दिवशी जेवण गेलं नाही. सुभद्रा म्हणाली, "आवं, काय झालंय? ताटाकडं बघताय का ताटाच्या पलीकडं?" मी म्हणालो, ऊन लागलं असेल. पुढचे दोनतीन दिवस मी कचेरीत एकाच बेरजेला तीनदा बसलो आणि तीन वेगळी उत्तरं काढली. माझ्या नोकरीत असं झालेलं नाही.

रविवारी सकाळी पहारेचा आवाज आला. मी धावत पूर्वेच्या अंगाला गेलो. संपतनं खिडकीचे गज काढून ठेवले होते आणि खालच्या विटा उचकटत होता. त्या सहज येत होत्या. बाजूच्या भिंतीला ओरखडा नव्हता.

त्यानं माझ्याकडं पाहिलं. "दादा, म्हस आता कवाबी वील. तारी परसातनं फेरा घालून गोठ्यात जाती, पाय घसरून पडली परवा. हितनं दार केलं की गोठा समोरच."

म्हैस. मी तिच्याकडं पाहिलं. ती गोठ्यात बसून आमच्याकडं बघत रवंथ करत होती.

"मला सांगायचं नाही?"

"सांगनारच हुतो. तू चार दिस तोंड असं करून हिंडतुयास, म्हणलं रविवार येऊ दे."

मग मात्र मला राहवेना. "संपत, ही जागा तेव्हा मोकळी सोडायला तुला कुणी सांगितलं होतं?"

पहार थांबली. "तुला ठावं हुतं?"

"भिंतीला पाणी मारत होतो तेव्हापासून."

"आन् बोलला न्हाईस कवा?"

"तू तरी कुठं बोललास?"

तो विटांच्या ढिगावर बसला. अंगावरची माती झटकत राहिला. मग म्हणाला, "कुनी सांगितलं न्हाई. आईनं इचारलं तवा तू म्हणलास, एकच दार. पर माज्याकडं बघून म्हणला न्हाईस. फळीकडं बघून म्हणलास. मला वाटलं, दादाच्या मनात येगळं व्हायचं हाय, पर थोरला हाय, तोंडानं कसं म्हणंल? उद्या तुला म्हणायची येळ आलीच, तर भित आडवी याया नको. म्हणून ठिवली जागा. तुज्यासाठीच ठिवली."

मी पायाशी पडलेली वीट उचलली आणि भिंतीच्या कडेला सरळ लावून ठेवली.

"फळीकडं बघत होतो," मी म्हणालो, "कारण फळी ओळंब्यात नव्हती. अर्धा इंच झुकली होती."

"फळी?"

"अर्धा इंच."

संपत माझ्याकडं बघत राहिला. मग हसायला लागला. हसता हसता त्यानं पहार खाली ठेवली, डोळे पुसले. मलाही हसू आलं आणि या वेळी मी ते दाबलं नाही. आवाज ऐकून आई काठी टेकत आली. तिनं भगदाड पाहिलं आणि म्हणाली, "म्या इचारलं तवाच सोडलं असतं तर तारीचं कंबरडं तरी वाचलं असतं."

दार बसलं. म्हशीला रेडकू झालं. आता आमच्या घराला रस्त्यावरून दोन दारं दिसतात, आणि जाणारा येणारा थबकून विचारतो, "वाटण्या झाल्या व्हय मास्तर?" मी सांगतो, दार म्हशीचं आहे. ते मान हलवतात आणि पुढं जातात. विश्वास बसलेला नसतो. मी त्यांच्या जागी असतो तर माझाही बसला नसता. नव्या चौकटीभोवतीचा गिलावा निराळ्या रंगाचाच दिसतो.

सुभद्रा म्हणते, यंदा तुमची भिंत वाजवायची सवय सुटली. ते बरोबर नाही. संध्याकाळी कचेरीतून आलो की मी पुढच्या दारानं आत जात नाही. घराला वळसा घालतो, म्हशीच्या पाठीवर थाप मारतो, आत भावजय असेल म्हणून दोनदा खाकरतो आणि त्या दाराला बोटानं हलकेच ढकलतो. त्याला आतून कडी आहे, चांगली जाड, लोखंडी. ती लावलेली नसते. दार हलतं.

आतून संपतचा आवाज येतो, "आरं, रोज रोज काय ढकलून बघतुयास? ये की आत."

मी आत जातो. उद्याही ढकलून बघणार आहे.